हप्त्याचं घर, सुटा बाजार



दिल्ली आणि तिला लागून असलेल्या नोएडा, गाझियाबाद, गुडगाव, फरीदाबाद या पट्ट्यात नोकरीशिवाय, मिळतील तशी कामं घेऊन जगणारे मराठी लोक आता पुष्कळ आहेत. कोणी भाषांतर करतं, कोणी पुस्तकांची मांडणी, कोणी माहितीपटांचं संकलन, कोणी जाहिरातींना आवाज देतं. मी त्यांतलीच एक. गाझियाबादला राहते, भाषांतरं करते आणि घराचं कर्ज फेडते. अशा घरात पैसे कधी येतील ते कोणी सांगू शकत नाही, पण हप्ता कधी जाणार ते पक्कं ठरलेलं असतं. मग अशा घरानं प्लास्टिक न आणण्याचा आग्रह धरावा का? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयारच असतं, की ही हौस ज्यांना परवडते त्यांची. मला ते पटत नाही. का पटत नाही ते सांगते, पण आधी हप्त्याचं बोलू, कारण घरात पहिला मान त्याचा.

समजा चाळीस लाखांचं कर्ज आहे, साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता ३४,७१३ रुपये बसतो. त्यातले पहिल्या महिन्यात २८,३३३ रुपये नुसतं व्याज असतं. मुद्दलात जमा होतात ते सहा हजार तीनशेऐंशी. वीस वर्षांत बँकेला एकूण त्र्याऐंशी लाखांच्या वर रक्कम जाते. हे आकडे कागदावर स्वतः मांडून बघावेत, म्हणजे कर्जाच्या पहिल्या वर्षांत जास्तीचा भरलेला रुपया किती मोलाचा असतो ते कळतं. याच कर्जात पहिल्या वर्षाच्या शेवटी एक लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर शेवटचे तेरा-चौदा हप्ते कमी होतात. एका लाखानं पावणेचार लाखांच्या आसपास व्याज वाचतं. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांनी घेऊ नये, असं रिझर्व्ह बँकेनं २०१२ मध्येच सांगून ठेवलं आहे.

म्हणून माझं मत असं, की मिळकत अनियमित असेल तर मुदत लांब घ्यावी, हप्ता लहान ठेवावा आणि चांगल्या महिन्यात जादा भरावं. मोठा हप्ता अंगावर घेऊन वाईट महिन्यात बँकेचे फोन घेण्यापेक्षा हे बरं. मात्र जादा भरण्याच्याही आधी सहा हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला हवी. त्या खात्याचं कार्ड पाकिटात ठेवू नये.

दरावर लक्ष ठेवणं हेही घरखर्चाचंच काम आहे. मे २०२२ च्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ज्याच्या आधारानं गृहकर्जाचे बदलते दर ठरतात तो, चार टक्के होता. फेब्रुवारी २०२३ येईपर्यंत तो साडेसहावर गेला. सात टक्क्यांच्या बदलत्या दरानं, वीस वर्षांसाठी नुकतंच कर्ज घेतलेल्या माणसाचा हप्ता तोच ठेवला असता, तर सगळा हप्ता व्याजातच संपला असता आणि मुद्दल जागचं हललं नसतं. कितीतरी लोकांची मुदत त्या काळात वाढली आणि ती वाढल्याचं त्यांना फार उशिरा कळलं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढलं, की दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे. २०२५ च्या फेब्रुवारीपासून दर उतरू लागला आणि जूनमध्ये साडेपाचवर आला. तेव्हा ज्यांनी हप्ता कमी करून न घेता मुदत कमी करून घेतली, त्यांनी शहाणपणा केला. बँकेत जाऊन उरलेल्या हप्त्यांचं वेळापत्रक मागून घ्या. ते आपल्याला मिळायलाच हवं.

हे सगळं बोलताना एक गोष्ट विसरता येत नाही. आपण ज्या भागात राहतो, तिथे ज्याला घराची किल्ली मिळाली तो आधीच नशीबवान ठरतो. आम्रपाली समूहाच्या प्रकल्पांत नोएडा आणि ग्रेटर नोएडात बेचाळीस हजारांहून अधिक कुटुंबं अडकली. २३ जुलै २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या समूहाची रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखालची, नोंदणी रद्द केली आणि उरलेली बांधकामं पुरी करायला एनबीसीसी या सरकारी कंपनीला सांगितलं. तोवर कित्येक माणसं न मिळालेल्या घराचा हप्ता आणि राहत्या घराचं भाडं, दोन्ही भरत होती. काटकसर या शब्दाचा अर्थ त्या घरांनी सोसला आहे. त्यांच्यापुढे माझ्यासारखीनं फार शिकवण्याच्या सुरात बोलू नये.

आता मिळकतीकडे वळू. काम पुरं झालं तरी पैसे तीन-तीन महिने येत नाहीत, हा आमच्या धंद्यातला सर्वांचा अनुभव. यावर एक उपाय आहे आणि तो वापरणारे फार थोडे भेटतात. ‘उद्यम’ पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करा. सेवा देणारा एकटा माणूसही ती करू शकतो. आधार लागतं, शुल्क काहीही नाही. शुल्क मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत, हे लक्षात ठेवा. ही नोंदणी असली की अशा उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज मागता येतं. शिवाय २०२३-२४ पासून, असे पैसे मुदतीत न देणाऱ्या कंपनीला ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापला की लेखा विभागाची वागणूक बदलते, हे मी पाहिलं आहे. आणि आलेली सगळी रक्कम आपली नसते. जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च या महिन्यांची पंधरा तारीख आगाऊ कराची असते. तो वाटा रक्कम येईल त्याच दिवशी वेगळा काढावा.

आता बाजार. मला खरं बोलायचं आहे ते याच्याबद्दल.

‘प्लास्टिकमुक्त’ म्हटलं की दक्षिण दिल्लीतली काचेच्या बरण्यांची, बांबूच्या ब्रशांची देखणी दुकानं डोळ्यांपुढे येतात. चांगली आहेत ती. पण कर्जाच्या घराला तिथे जायची गरज नाही. दिल्लीला प्लास्टिकशिवाय विकण्याची जुनी, स्वस्त आणि अजून जिवंत असलेली पद्धत आहे. मदर डेअरी १९७४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिच्या बूथवर यंत्रातून सुटं दूध मिळतं. टोकन घ्यायचं, नळाखाली आपली बरणी धरायची. पिशवीतल्या टोन्ड दुधापेक्षा ते थोडं स्वस्तही पडतं. नव्यानं दिल्लीत आलेल्या अनेक मराठी घरांना हे माहीतच नसतं. रोज एक-दोन पिशव्या घेणाऱ्या घरानं वर्षभर बरणी नेली, तर किती पिशव्या वाचतील ते तुम्हीच मोजा.

तसंच चक्कीचं. आपल्याकडची गिरणी, ती इथली चक्की. सिहोरचा शरबती गहू दाखवतात, तोलतात, समोर दळून देतात. डबा आपला. थंडीत बाजरीही दळून मिळते. ज्वारीला मात्र जरा शोधावं लागतं. कडधान्यं वस्तीतल्या जुन्या किराणा दुकानात पोत्यांतून मिळतात. मसाल्यांसाठी वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडाशी, चांदनी चौकाच्या टोकाला फतेहपुरी मशिदीजवळ खारी बावलीत जावं. दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, धने, सुकं खोबरं, गोड्या मसाल्याचं सगळं सामान तिथे सुटं मिळतं. दोघी-तिघींनी मिळून गेलं तर घाऊक भावात पडतं आणि घरी येऊन वाटून घेता येतं.

यात कराचाही एक भाग आहे. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळी, तांदूळ, पीठ अशा वस्तूंवर पाच टक्के जीएसटी लागला. त्याच वस्तू सुट्या विकल्या तर कर नाही. म्हणजे डबा घेऊन जाणाऱ्या गिऱ्हाईकाला कायद्यानंच ही सूट दिलेली आहे.

पण माझ्या लेखी पाच टक्क्यांपेक्षाही मोठी गोष्ट वेगळी आहे. पाकिटात किती माल असावा ते कंपनी ठरवते. सुट्या बाजारात ते मी ठरवते. ज्या महिन्यात बिल अडकलेलं असतं, त्या महिन्यात पावशेर राजमा, दोनशे ग्रॅम पोहे, शंभर ग्रॅम जिरं घेता येतं, आणि भाव किलोचाच पडतो. पैसे आले की पाच किलो भरून ठेवता येतं. ज्याची मिळकत वरखाली होते, त्याला हे स्वातंत्र्य फार लागतं. पाकिटांच्या दुनियेत कमी घ्यायचं तर पाच-दहा रुपयांची पुडी घ्यावी लागते, आणि तिच्यात माल किलोच्या हिशेबानं कितीतरी वेळा महाग पडतो. शिवाय ती अनेक थरांची चकचकीत पुडी कबाडीवाला घेत नाही. बाटली घेतो, रद्दी घेतो, पत्र्याचा डबा घेतो. पुडी मागे उरते.

ती कुठे जाते, हे आम्हाला घरातून दिसतं. गाझियाबादमधल्या कौशांबी, वैशालीच्या उंच इमारतींतून गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर दिसतो. पूर्व दिल्लीचा कचरा तिथे १९८४ पासून टाकला जातो. त्याची क्षमता २००२ मध्येच संपली होती. तरी टाकणं चालूच राहिलं आणि १ सप्टेंबर २०१७ ला त्याचा कडा कोसळून दोन माणसं गेली. उन्हाळ्यात तो पेटतो तेव्हा त्या धुरानं मुलं खोकतात. प्लास्टिकचा विषय माझ्यासाठी समुद्रातल्या कासवांपासून सुरू होत नाही, या धुरापासून होतो.

अडचणी आहेतच. सोम बाजार, बुध बाजार अशा वारांच्या नावाच्या आठवडी बाजारात भाजी ताजी आणि स्वस्त असते, रात्री नवानंतर आणखी उतरते. पण विक्रेत्याचा हात आधी पन्नीकडे, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीकडे जातो. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर २०२२ च्या शेवटापासून देशभर बंदी आहे, तरी बाजारात त्या सर्रास दिसतात. “भैया, पन्नी नहीं, इसी में डाल दो,” हे तोलायच्या आधी म्हणावं लागतं. गर्दीत तोललेली भाजी पुन्हा काढायला लावणं हा त्या माणसावर अन्याय आहे. घरून तीन-चार पातळ सुती पिशव्या नेल्या की टोमॅटो आणि पालेभाजी वेगळी राहते. जुन्या धोतराच्या, ओढणीच्या शिवलेल्या पिशव्या सगळ्यांत चांगल्या, कारण त्यांना वजन नसतं.

तेलाचं कोडं वेगळं. खाद्यतेल सुटं विकायला अन्नसुरक्षेचे नियम मनाई करतात, आणि भेसळीचा इतिहास बघता ते योग्यच आहे. तिथे पंधरा किलोचा पत्र्याचा डबा शेजारणींनी मिळून घ्यावा. औषधांच्या बाबतीत मी कसलाही हट्ट धरत नाही. आजाऱ्याच्या, तान्ह्या बाळाच्या घरात जे लागेल ते आणावं.

सगळ्यांत मोठी अडचण वेळेची आहे, आणि तो वेळ बहुतेक घरांत बाईचा जातो. बरणी धुणं, पिशव्या वाळवणं, चक्कीवर जाणं, डाळ निवडणं ही सगळी कामं आहेत आणि त्यांना मजुरी नाही. घरातल्या एकीच्या पाठीवर ही सगळी शिस्त चालणार असेल, तर मी तिला पाकीट आण असंच सांगेन. आमच्याकडे दूध आणि चक्की नवऱ्याकडे आहे, आठवडी बाजार माझ्याकडे. घरून काम करणाऱ्यांना निदान वेळ मागेपुढे करता येतो. नऊ ते सात कार्यालयात असणाऱ्यांना तोही करता येत नाही.

म्हणून एक मागणी मला सोसायट्यांकडे करायची आहे. आपल्या बंद फाटकांच्या वसाहतींत भाजीचा ठेला आत येऊ दिला जात नाही. सुरक्षारक्षक त्याला रस्त्यावरच थांबवतो. दहा मिनिटांत वस्तू पोचवणाऱ्या मुलांना मात्र दिवसभर प्रवेश असतो आणि त्यांच्याबरोबर प्रत्येक मजल्यावर पिशव्या येतात. ठेलेवाल्याची ओळखपत्रं तपासा, त्याची नोंद ठेवा, सकाळी दोन तास ठरवून द्या, पण त्याला आत घ्या. वसाहतीत दुकानाचा गाळा रिकामा असेल तर चक्कीवाल्याला कमी भाड्यानं द्या, आणि टोकनच्या दुधाचा बूथ जवळ नसेल तर सगळ्यांच्या सह्यांचं पत्र डेअरीला पाठवा. अपार्टमेंट ओनर्स असोसिएशनची वार्षिक सभा असते. देखभाल शुल्काच्या विषयाआधीच हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला लावा, कारण शुल्काचा वाद सुरू झाला की लोक उठून जातात.