ताण मोजणारा खेळ



मुळशी धरणाजवळच्या मालेसारख्या गावातून कुणी पिरंगुटच्या कारखान्यात कामाला जातं, कुणी हिंजवडीच्या आयटी पार्कात. संध्याकाळी घरी आल्यावर विचारलं, तर उत्तर ठरलेलं: ‘बरं चाललंय.’ ताण मोजू पाहणाऱ्या मानसशास्त्रज्ञांची अडचण तिथेच आहे. शेल्डन कोहेन यांची 1983 सालची ताणाची प्रश्नावली आजही वापरली जाते. पण माणूस जेवढं सांगेल तेवढंच तिला कळतं.

म्हणून संशोधक कॉम्प्युटरवरच्या खेळाकडे वळले. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 साली अशीच एक चाचणी मांडली. पडद्यावर गणितं येतात. तुम्हाला किती वेळ लागतो ते कॉम्प्युटर आधी पाहून ठेवतो आणि मग त्याहून थोडा कमीच वेळ देतो. लागोपाठ उत्तरं बरोबर आली, की वेळ आणखी कापतो. त्यामुळे हुशारातल्या हुशाराचीही बरीच उत्तरं चुकतात. वर एक पट्टी दिसत राहते: तुम्ही इथे, बाकीचे तिथे, पुढे. मध्येच संशोधक येऊन सांगतो, तुमचं काम कमी पडतंय. मग लाळेचे नमुने घेऊन त्यातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक, तपासतात. दहावी-बारावीचं वर्ष ज्या घरानं पाहिलंय, त्याला ती पट्टी वेगळी समजावून सांगायला नको. माणसाला नुसतं गणित एवढं जड जात नाही. आपण मागे पडतोय आणि कुणीतरी ते बघतंय, हे जड जातं.

आता मोबाइलवरच्या साध्या खेळातून, बोटांचा वेग आणि चुका पाहून, ताण ओळखण्याचेही प्रयत्न चालू आहेत. इथे मात्र जपून. जागरण झालं, ताप आला, चष्म्याचा नंबर वाढला, तरी बोट मंदावतं. दिवसभर भातलावणी करून आलेल्या बाईची तुलना मोबाइलवर वाढलेल्या मुलाशी कशी करणार? तिची तुलना तिच्याच गेल्या आठवड्याशी व्हावी. आणि हे आकडे तिच्या संमतीशिवाय कुणाच्याही हाती पडता कामा नयेत, कामावरच्या साहेबाच्या तर नाहीच नाही.

कुठलाही खेळ न खेळताच मन जड झालं असेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा क्रमांक लिहून घ्या. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.