विजेचा करार आणि वकिलाचे शब्द
(जयपूर येथील तिलक नगरात मराठी भाषिक सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लोकमान्यांचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीत वकिलीच्या विषयावर बोलताना थोडा संकोच होतो. लोकमान्य कायद्याचे पदवीधर होते आणि १९०८ च्या खटल्यात त्यांनी आपली बाजू स्वतःच मांडली होती. मी वकील नाही, भाषांतरकार आहे. परंतु वीज कंपन्यांना वकील जी सेवा पुरवितात ती मुख्यतः शब्दांचीच सेवा असते, आणि ते शब्द मराठीत उतरविताना त्यांची किंमत ध्यानात येते.

याच शहराचे उदाहरण घ्या. २००० साली राजस्थानचे विद्युत मंडळ मोडून त्याच्या कंपन्या करण्यात आल्या. त्यांतील जयपूर विद्युत वितरण निगम तुम्हांला वीज विकते. बारां जिल्ह्यातील कवई येथील अदानींच्या औष्णिक केंद्राकडून १,२०० मेगावॉट वीज घेण्याचा करार २८ जानेवारी २०१० रोजी झाला. दर स्पर्धात्मक निविदेतून ठरलेला होता. निविदेत ठरलेला दर पंचवीस वर्षे टिकेल असे सामान्य माणसास वाटते. परंतु करारात एक कलम असते, त्याचा मथळा 'कायद्यातील बदल'. कायदा बदलल्याने खर्च वाढला, तर वाढ ग्राहकाकडून वसूल करता येते.

मग प्रश्न उरतो, कायदा कशाला म्हणावयाचे? केंद्र सरकारच्या २००७ च्या कोळसा वाटप धोरणाने वीज केंद्रांना गरजेइतका पुरता कोळसा देण्याचे मान्य केले होते. २०१३ साली ते प्रमाण ६५ ते ७५ टक्क्यांवर आले. धोरण म्हणजे कायदा नव्हे, असे तुम्ही-आम्ही म्हणू. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ११ एप्रिल २०१७ च्या निकालात हा बदल 'कायद्यातील बदल' ठरविला. त्याच निकालात इंडोनेशियाने आपला कायदा बदलून कोळसा महाग केला, तो मात्र या कलमात बसत नाही, असेही सांगितले. एका कलमाच्या अर्थाने महागाईचा एक भाग ग्राहकाच्या माथी आला आणि दुसरा कंपनीकडेच राहिला. अशा अर्थासाठी मोठमोठे वकील नेमले जातात, यात नवल ते काय?

जयपूरच्या निगमाचे म्हणणे असे, की कंपनीची निविदा आयात कोळसा गृहीत धरून होती, तेव्हा देशी कोळशाच्या टंचाईची भरपाई तिला का द्यावी? आयोगाने २०१८ साली आणि अपीलीय न्यायाधिकरणाने २०१९ साली देशी कोळशाबाबत कंपनीची बाजू मान्य केली. ३१ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानेही भरपाई कायम केली, मात्र विलंब आकाराचा दर वार्षिक ९ टक्क्यांच्या मर्यादेत ठेवला. पुनर्विलोकनाचा अर्ज २०२१ साली फेटाळला गेला. सामान्य पक्षकाराचे प्रकरण येथे संपते.

येथे ते संपले नाही. विलंब आकारापोटी आणखी १,३७६ कोटी ३५ लक्ष रुपयांची मागणी पुढे आली, आणि ज्याला न्यायालयीन मराठीत 'किरकोळ अर्ज' म्हणतात त्या मार्गाने आली. भाषांतरकाराच्या लेखणीलाही येथे हसू फुटावे! जानेवारी २०२४ मध्ये निगमाच्या ज्येष्ठ वकिलांनी, न्यायालयाचा आदेश असूनही कार्यालय हे प्रकरण सुनावणीस लावीत नाही, अशी तक्रार न्यायालयापुढेच मांडली. १८ मार्च २०२४ रोजी न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस व संजय कुमार यांनी, अंतिम निकालानंतर असा अर्ज चालत नाही, असे सांगून तो फेटाळला आणि ५०,००० रुपये खर्च बसविला. मागणीच्या मानाने ही रक्कम पावणेतीन लाखांत एक भाग भरते.

महाराष्ट्रातील साथींना हे वाचून दाभोळ आठवेल. डिसेंबर १९९३ चा तो करार, वीज घेतली नाही तरी द्यावयाचा स्थिर आकार, केंद्राची प्रतिहमी, लंडनमधील लवाद, ही सारी वकिलांच्या मेजावर घडविलेली हत्यारे होती. एन्रॉनच्या एका उपाध्यक्षांनी १९९५ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले, की भारतात 'शिक्षणा'वर आणि प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाले. विद्यार्थी आपण, आणि फीदेखील शेवटी आपल्याच बिलातून! अभय मेहता आणि 'सिटू' यांनी करारास मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. १९९६ साली याचिका फेटाळली गेली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने अपील घेतले, पण राज्य सरकारच्या वर्तनापुरतेच. २००१ साली केंद्र बंद पडले, पुढे एन्रॉन दिवाळखोरीत गेली, आणि अपिलाची फाईल बंद झाली एप्रिल २०१९ मध्ये.

कंपनीची मागणी खोटीच असते, असे मी म्हणत नाही. कोळसा खरोखरच तुटला होता, आणि करार करणाऱ्या निगमाने त्यावर सही केली होती. आक्षेप वेगळा आहे. वितरण कंपनीचा वकिली खर्च तिच्या 'प्रशासकीय व सामान्य खर्चा'त मोडतो आणि आयोगाच्या मंजुरीने वीजदरात येतो. समोरच्या कंपनीचा खर्च तिच्या वीजविक्रीतून निघतो, आणि ती वीजही आपणच वापरतो. दोन्ही वकिलांची फी देणारा तिसरा माणूस न्यायालयात मात्र हजर नसतो.

२००३ च्या विद्युत कायद्यात त्याला दोन दारे आहेत. कलम ६४ अन्वये दराच्या अर्जावर कोणीही सूचना व हरकती नोंदवू शकतो, आणि आयोगाला त्या विचारात घ्याव्या लागतात. कलम ९४ अन्वये ग्राहकांच्या वतीने बोलण्यास आयोग कोणासही अधिकार देऊ शकतो. पुण्याच्या 'प्रयास'ने हे काम किती बारकाईने करता येते ते दाखविले आहे. राजस्थानचा आयोग तर याच जयपुरात बसतो. पुढील दर-अर्ज आला की प्रथम वीजखरेदीचा तक्ता उघडा. त्यात 'कायद्यातील बदल', 'विलंब आकार' आणि मागील वर्षांची थकबाकी वेगळी दाखविली आहे का, ते पाहा. दाखविली नसेल, तर पहिली हरकत हीच नोंदवा.