वास कुठून येतो?

अमेरिकेत १९७८च्या कायद्यानंतर घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. बोस्टनजवळ राहायला गेल्यावर शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी मला ती करायला शिकवलं. त्यांची आवडती 'हेडी टॉपर' व्हरमाँट राज्यातली. धुकट, फळांच्या वासाची. गुडघ्यांमुळे त्यांचं तिकडे जाणं थांबलं, तेव्हा तशीच बिअर घरी करून पाजायची, असं मी ठरवलं.

हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. मी वासावरून ती निवडली. सिम्कोने पाइनचा वास दिला, सिट्राने आंब्याचा. पण मूळ बिअरमधला पीच काही सापडेना. मग १९ लिटरला २०० ग्रॅम हॉप्स घातली! त्यात बाटल्या भरताना हवा लागली. दोन आठवड्यांत सोनेरी रंग मातकट झाला, वास उडाला. शेजाऱ्यांनी एक घोट घेऊन ग्लास हळूच खाली ठेवला.

पुढे उमगलं, की पीचचा वास हॉप्सचा नव्हताच. तो 'कॉनन' नावाच्या यीस्टचा. आणि हॉप्स फार उकळली, तर कडवटपणा उतरतो, सुगंध जातो. खिरीत वेलदोडा शेवटी घालतात, तशीच बहुतेक हॉप्स आच बंद केल्यावर आणि आंबवताना घालायची.

तिसऱ्या खेपेला यीस्ट बदललं, हॉप्स कमी केली, हवा लागू दिली नाही. शेजाऱ्यांनी सावकाश ग्लास संपवला.

"ही ती नव्हे," ते म्हणाले. मी मान खाली घातली.

"पण अजून आहे का?"