एका ताटातला घास
(ज्युबिली सोहळ्यातील भाषण)



आम्ही रोम शहरी अध्ययनास होतो, तेव्हाची गोष्ट. एका गुरुबंधूशी आमचा महिनाभर अबोला होता. एका बुधवारी आमचा इथिओपियन सहाध्यायी आम्हां दोघांस तेर्मिनी स्थानकाजवळील आपल्या देशबांधवाच्या साध्या खाणावळीत घेऊन गेला.

इ. स. च्या ४ थ्या शतकापासून चालत आलेली त्यांची मंडळी बुधवारी व शुक्रवारी मांस, दूध, अंडी वर्ज्य करते. म्हणून पुढे आले ते मसुरीचे तिखट कालवण, आपल्या पिठल्यासारखे शिरो आणि इंजेरा. टेफ नावाच्या अतिबारीक धान्याचे पीठ आंबवून एकाच बाजूने भाजलेली ती थोर आंबोळीच म्हणा ना! तिघांस मिळून ताट मात्र एकच.

यजमानाने स्वहस्ते आम्हां दोघांस एकेक घास भरवला. या रीतीस तिकडे 'गुर्शा' म्हणतात. मग त्याने आमच्याकडे पाहिले. आमचा हात उचलेना. त्याच दिवशी सकाळी आम्ही दोघांनी एकाच वेदीपाशी ख्रिस्तशरीर स्वीकारले होते!

अखेर गुरुबंधूनेच घास पुढे केला. आम्ही लज्जित होऊन तोंड उघडले. अबोला तेथेच सरला.

आज मंडपात पंगत बसेल. शेजारी कोण बसला आहे हे पाहून कोणी जागा बदलू नये. प्रभूने शेवटच्या भोजनसमयी यहूदा इस्कर्योतासही घास दिला. मग आपण सख्ख्या भावास का देऊ नये?

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.