अंगणातून दिसणारे चार ग्रह

हळदी-कुंकवाचे दिवस होते. रथसप्तमीपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या घरी जाणं चालूच होतं. जाता-येता जरा मान वर केली की आभाळ दिसायचं. 2025 च्या त्या जानेवारीत संध्याकाळी चार ग्रह एकाच वेळी दिसत होते. दुर्बीण लागत नव्हती, पैसा लागत नव्हता.

साडेसातच्या सुमारास मावळतीला तोंड करायचं. सगळ्यात ठळक होता तो शुक्र, आपली शुक्राची चांदणी. त्याच्या जवळच मंद पिवळसर शनी होता. तसंच वर बघत यायचं. डोक्यावर टपोरा गुरू होता, शेजारी तांबूस रोहिणी. पेरणीच्या आधी जिचं नाव घेतो, तीच ही. आणि उगवतीला लालसर मंगळ होता. तारे लुकलुकतात, ग्रहांचा उजेड स्थिर असतो, ही खूण ध्यानात ठेवा.

हे चौघं एका कमानीत का दिसत होते? खळ्यात तिवड्याभोवती बैल फिरायचे, आतल्याचा फेरा लहान, बाहेरच्याचा मोठा. ग्रहही तसेच, जवळपास एकाच पातळीत सूर्याभोवती फिरतात. मंगळाचा फेरा 687 दिवसांचा, गुरूचा सुमारे 12 वर्षांचा, शनीचा साडेएकोणतीस वर्षांचा. म्हणून शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं दिसतो. तीन राशींची झाली साडेसात वर्षं. साडेसातीचा हिशेब हा एवढाच, शनीच्या संथ चालीचा.

हे आज सांगायला कारण आहे. आमच्या गटात एका आईनं कर्ज मागितलं, लेकीच्या मंगळाची शांत करायला. आम्ही तिला नावं ठेवत नाही. स्थळं परत गेली की आईचा जीव टांगणीला लागतो. पण तो मंगळ बघा. 12 जानेवारी 2025 ला तो पृथ्वीच्या जवळ आला, तरी साडेनऊ कोटी किलोमीटरहून लांबच होता. 24 सप्टेंबर 2014 ला आपलं मंगळयान त्याच्यापाशी पोचलं. त्या कामात इस्रोच्या बायका शास्त्रज्ञ होत्या. तिथवर यान नेणाऱ्या बायांच्या देशात मंगळापायी पोरगी नाकारायची?

नाकारणाऱ्या घरात आपल्यासारख्याच बाया असतात. म्हणून आम्ही गटात ठरवलंय, लेकासाठी सून बघताना मंगळ विचारायचा नाही. तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. बैठक संध्याकाळी ठेवा आणि लेकींनाही अंगणात बोलवा.