सिनाईच्या डोंगरातील पायवाट



वाळवंट म्हटले की डोळ्यांपुढे वाळूचे ढीग उभे राहतात. ईजिप्तच्या दक्षिण सिनाईत मात्र डोंगरामागे डोंगर आहेत, तांबड्या-काळ्या उघड्या खडकाचे. अकाबाच्या आखातापासून कॅथरीनच्या शिखरापर्यंत, म्हणजे समुद्रकाठापासून २६०० मीटरांहून अधिक उंचीवर नेणारी २२० किलोमीटरांची पायवाट तेथील तीन बेदुइन जमातींनी मिळून २०१५ च्या सुमारास सुरू केली. चालावयास बारा दिवस लागतात. गिरणीच्या फाटकावर सभा घेण्यात आमचा जन्म गेला. आमचे पाय उभे राहावयास सरावलेले, चालावयास नव्हे. तरी आम्ही ती वाट चाललो.

हिशेब पाहा. तेथे माणसाला दिवसाला चार लिटर तरी पाणी हवे. तीन दिवस विहीर नाही असे धरले, तर नुसत्या पाण्याचेच ओझे बारा किलो. ते उंट वाहतो. अरुंद घळीत उंट शिरत नाही. मग उंटवाला त्याला घेऊन लांबचा वळसा घालतो, आणि आपण मुक्कामी पोहोचावे तो हा चहा उकळत बसलेला! शिखर चढलो म्हणून छाती आपण फुगवावयाची. पायपीट त्याची अधिक.

तराबीन, मुझेना आणि जबालिया या त्या तीन जमाती. प्रत्येकीची हद्द ठरलेली. हद्द आली की वाटाड्या बदलतो, ओझी उतरतात, पुढल्या जमातीच्या उंटांवर चढतात, मजुरीही त्यांची. २०१८ साली वाट ५५० किलोमीटरांची झाली आणि जमाती झाल्या आठ. दोन खात्यांतील कामगारांना एका ठरावावर आणताना आम्हांला घाम फुटतो, तेथे आठ जमाती!

ही गरज का पडली? किनाऱ्यावर मोठमोठी हॉटेले उठली, पण तेथील नोकऱ्या बहुतेक नाईलकाठच्या माणसांना मिळाल्या. डोंगरातील तरुण मोटारी हाकू लागले. पाणी कोठे लागते ते ठाऊक असलेले म्हातारे तेवढे उरले.

आमच्याबरोबरच्या म्हाताऱ्या उंटवाल्याने एका कोरड्या ओढ्यात काठीने जागा दाखविली. स्वतः खणले नाही. बरोबरच्या पोराला खणावयास लावले. हातभर खोलीवर वाळू ओली लागली. पोराने वर पाहिले. म्हातारा म्हणाला, "अजून."