शिकणाऱ्यानें पैसे द्यावे कीं घ्यावे?
(ज्युबिली सभेंतील भाषण)



गेल्या पावसाळ्यांत एक माता आम्हांकडे आली. मुलीस रुग्णालयांत सहाय्यकाचें काम मिळेल या आशेनें तिनें बांगड्या गहाण ठेवून एका वर्गाची फी भरली होती. वर्ग संपला, प्रमाणपत्र हातीं आलें. परंतु त्यावर मुलीस कोणीं कामास घेतलें नाहीं. "फादर, आतां काय करूं?" या प्रश्नानें आम्ही निरुत्तर झालों. आज उत्तर देतों.

आपल्या देशांत १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. त्याअन्वयें उमेदवार काम शिकतो व शिकविणारी संस्थाच त्यास दरमहा विद्यावेतन देते. २०१६ पासून केंद्र सरकारही त्याचा कांहीं भाग सोसतें. रुग्णालयांत 'जनरल ड्यूटी असिस्टंट' या नांवानें अशी उमेदवारी असते. रोग्यास स्नान घालणें, त्याची कूस बदलणें, ताप व नाडी यांची नोंद ठेवणें, हें तें शिक्षण.

तेव्हां तरुणांनीं सरकारी शिकाऊ उमेदवारी संकेतस्थळावर नांव नोंदवावें व मोठ्या रुग्णालयांत स्वतः जाऊन चौकशी करावी. करार लेखी आहे काय, त्याची सरकारदरबारीं नोंद आहे काय, विद्यावेतन किती, हें आधीं पाहावें. पुढें नोकरी मिळेलच अशी हमी कायदा देत नाहीं, हेंही जाणावें. परंतु उमेदवारीसाठीं जो तुमच्यापाशीं पैसे मागतो, तो उमेदवारी देत नसून आशा विकतो.

त्या मुलीचा अर्ज आम्हीं तिच्याजवळ बसून भरविला आहे. उत्तराची वाट पाहत आहों.